रद्दीतलं टपाल

आमच्या घरातून रद्दी बाहेर पडायला हल्ली वेळ लागतो. पूर्वी गठ्ठा सुतळीने बांधून दारात ठेवायचा, रद्दीवाले काका तो ताणकाट्याला लटकवायचे, पैसे हातावर ठेवायचे, विषय संपला. आता मी तो गठ्ठा त्यांच्यासमोरच सोडते. पुरवणीचं एखादं पान, औषधाच्या खोक्याचं झाकण, साडीच्या दुकानाची कागदी पिशवी असं काहीबाही मागे काढून घेते. काका शांतपणे म्हणतात, "ताई, वजन कमी होतंय हां."

हा सगळा उद्योग पोस्टकार्डांसाठी चालतो आणि पोस्टकार्डं मुख्यतः रत्नागिरीच्या मावशीसाठी. मावशीला आता कमी ऐकू येतं. फोनवर मी भांडुपहून ओरडते, ती तिकडून ओरडते, आणि शेवटी दोघींनी एकमेकींना "जेवलीस का?" एवढंच विचारलेलं असतं. डोळे मात्र तिचे शाबूत आहेत, वर्तमानपत्र ती अथपासून इतिपर्यंत वाचते. म्हटलं, पत्रच लिहावं. १८७९ मध्ये पाव आण्याला सुरू झालेलं सरकारी कार्ड आजही पन्नास पैशांत मिळतं आणि त्यात नाव ठेवण्यासारखं काही नाही. पण माझा मजकूर चार ओळींत संपतो. उरलेल्या जागेत चित्र काढावं म्हटलं तर चित्रकलेत माझी मजल डोंगर, सूर्य आणि नारळाच्या झाडापुढे कधी गेली नाही. म्हणून कात्री, आणि रद्दीतले कपटे चिकटवून घरीच केलेलं कार्ड.

कागद चिकटवून चित्र करणं जुनंच आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या हानोव्हरच्या कुर्ट श्विटर्सने ट्रामची तिकिटं, वेष्टणं, फाटकेतुटके कागद चिकटवून केलेली चित्रं आज संग्रहालयांत आहेत. आपल्याकडे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जींनी दृष्टी पूर्ण गेल्यावर कागद कापून चित्रं केली. थोर माणसं. पण त्यांची चित्रं काचेमागे राहणार होती. माझं चित्र लाल पेटीत पडणार, पोत्यात कोंबलं जाणार, शिक्क्याचा दणका खाणार, गाडीने कोकणात उतरणार आणि पोस्टमनच्या पिशवीतून मावशीच्या ओटीवर पोचणार, तेही ऐन जुलैत. त्यामुळे माझ्याकडे 'छान दिसेल का?' हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न 'पोचेल का?' हा, आणि निम्म्याहून जास्त निर्णय तो एकटाच घेऊन टाकतो.

आधी पुठ्ठा. माप म्हणून मी सरकारी पोस्टकार्डच ठेवलंय, १४ बाय ९ सेंटीमीटर. ते पुठ्ठ्यावर ठेवायचं, कडेने पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. मिठाईचे खोके पहिल्यांदा हाताशी येतात, पण त्यांना तूप लागलेलं असतं आणि तुपावर काहीच चिकटत नाही. कॉर्नफ्लेक्सचं खोकं बरं, पण पातळ, आणि घडीवर त्याला कायमची चीर असते. शर्टाच्या आतला पुठ्ठा चांगला, फक्त आमच्याकडे नवे शर्ट कितीसे येणार! या सगळ्यांत राजा म्हणजे लग्नपत्रिका. कागद जाड, कडक, पांढराशुभ्र, आणि प्रत्येक मराठी घरात कपाटाच्या एखाद्या खणात तिचा साठा असतोच, कारण पत्रिका टाकून द्यायला कोणाचं मन होत नाही. ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा कागद या मापात कापला तर तो चार ग्रॅमच्या आत भरतो. वर कपटे आणि खळ, म्हणजे मैद्याचा शिजवलेला गोंद, चढली तरी पाकिटाच्या वीस ग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी अलीकडे राहतो. मी पाकिटाला लागतं ते पाच रुपयांचं तिकीट लावते. घरी केलेलं जाडं कार्ड बघून कोणी दराचा वाद घालायला नको.

पत्रिका कापायची ठरली आणि सासूबाई मध्ये पडल्या. "अगं, गणपतीला कात्री लावतेस?" प्रश्न रास्त होता. पत्रिकेवर वर गणपती, खाली कुलदैवतांची नावं, कोपऱ्यांवर हळदकुंकू. मी म्हटलं, मग काय करू, जन्मभर सांभाळू? त्यांनी दोन दिवस विचार केला असावा, कारण मग एकदम नियमच सांगितले. देव अर्धा कापायचा नाही. कापायचा तर पूर्ण आकार सोडून, भोवतीने. चिकटवायचा तर चित्राच्या बाजूला, पत्त्याच्या बाजूला नाही, कारण "तिकडे शिक्का बसतो." आणि ज्याचं काही होणार नाही तो गणपती वेगळ्या पाकिटात. ते पाकीट आता बरंच फुगलंय. सोनेरी गणपती, एका रेषेतले गणपती, पिंपळपानातले गणपती. भाद्रपदात ते निर्माल्याबरोबर द्यायचे की नाही यावर घरात अजून एकमत नाही.

कोपऱ्यावरच्या हळदीबद्दल थोडं सांगायला हवं. तो पिवळा बोटाचा ठसा इतका सुंदर असतो की मी तो मुद्दाम धरून कापते. विकतच्या कुठल्या रंगाला तो उबदारपणा नाही. पण हळद उन्हात उडते. खिडकीजवळ ठेवलेल्या कार्डावरचा ठसा बघता बघता फिका होऊन नुसता डाग उरतो. त्याच्याशेजारचं कुंकू मात्र ठाण मांडून राहतं. म्हणून हळदीचा कोपरा लागणारं कार्ड संध्याकाळी करायचं आणि सकाळी पेटीत टाकायचं. पाकिटाशिवाय गेलं तरी पोत्यात अंधारच असतो.

कपट्यांसाठी मी कधी काही विकत घेतलं नाही, एक अपवाद सोडून, तो पुढे येईल. सगळ्यात जास्त माल दिनदर्शिकेच्या जुन्या पानांतून निघतो. पुढे ठसठशीत तारखा, एकादशी, अंगारकी, मागे पाककृती आणि राशिभविष्य. कागद पातळ आणि मऊ असल्याने तो खळ पटकन पितो आणि पुठ्ठ्यावर असा बसतो की बोट फिरवलं तर कड लागत नाही. मासिकांचा गुळगुळीत कागद रंगाला झकास, पण दुमडला की घडीवर रंगाचा थर तडकतो आणि पांढरी रेघ उमटते. वर्तमानपत्राचा कागद वर्षभरात पिवळा पडतो. मला तो पिवळेपणा आवडतो, पण मजकूर काळा आणि बारीक असेल तर कार्ड लांबून मळकं दिसतं. दिवाळीचा कंदील करून उरलेला घोटीव कागद चालतो. पतंगाचा कागद दिसायला सर्वांत देखणा आणि वागायला सर्वांत वाईट. ओला झाला की लाल रंग सुटतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना रंगवून येतो. तो लावायचाच असेल तर सगळ्यात शेवटी, जवळजवळ कोरड्या खळीवर.

बसची तिकिटं हा वेगळाच प्रकार. कंडक्टर टक् करून पंच मारायचा ती जुनी बेस्टची रंगीत, पातळ तिकिटं माझ्याकडे पुस्तकांत खुणेसाठी ठेवलेली सापडली, आणि त्यांतलं प्रत्येक तिकीट मी कंजूषपणे वापरते. मशीनमधून येणारं आताचं तिकीट, दुकानाचं बिल, एटीएमची पावती हे बाद. तो कागद उष्णतेने छापलेला असतो. छपाई थोड्या दिवसांत पुसट होते, आणि वरून इस्त्री फिरवली तर तुकडाच्या तुकडा काळाठिक्कर पडतो. घरच्या प्रिंटरवर छापलेलं रंगीत पानही तसंच बेभरवशाचं. शाई पाण्याला घाबरते. लेझरचं पान भीत नाही.

आता तो अपवाद. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर कागदाची, पत्रिकांची, वह्यांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. सामान खरेदी करायची गरज नसताना तिथे जाऊ नये, कारण मग गरज निर्माण होते. तिथल्या एका छपाईवाल्याकडे मशीनखाली कटिंगच्या पट्ट्यांचा ढीग पडलेला दिसला. छापील तावाच्या कडा कापून टाकतात त्या. त्या कडेवर रंग तपासायला निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चौकोन ओळीने छापलेले असतात आणि मध्ये मध्ये अधिकाच्या चिन्हासारख्या बारीक खुणा. पुस्तक वाचणाऱ्याला त्या कधी दिसायच्याच नसतात. मी म्हटलं, यातल्या थोड्या घेऊ का? त्यांनी आधी माझ्याकडे, मग ढिगाकडे बघितलं. "ये तो कचरा है, मॅडम." तरी पैसे घेतलेच, चहापुरते. त्या चौकोनांची खिडक्यांची रांग फार छान होते, आणि मावशीला पाठवलेल्या मुंबईच्या बहुतेक इमारती त्याच आहेत.

कापावं की फाडावं? इमारती, रूळ, तारखा कात्रीने. समुद्र, आभाळ, झाडं, डोंगर हाताने फाडून. गुळगुळीत छापील कागद फाडला की दोन तुकड्यांपैकी एकाला पांढरी, केसाळ कड येते आणि दुसरा अगदी काठापर्यंत रंगीत राहतो. फाडताना ओढायची दिशा बदलली की पांढरी कड दुसऱ्याच्या वाट्याला जाते. हे हाताला समजलं की लाटेला फेस आपोआप येतो, पांढरा कागद वेगळा लावावा लागत नाही. वर्तमानपत्राचीही एक गंमत आहे. ते उभं फाडलं तर पट्टीने आखल्यासारखं सरळ फाटतं, आडवं फाडलं तर मनाला येईल तसं. कागदातले धागे ज्या दिशेने लोळलेले असतात तिकडे तो सरळ जातो. डोंगरासाठी आडवं फाडायचं, सह्याद्री हवा तसा वाकडातिकडा मिळतो.

थर जास्तीत जास्त तीन. याबाबतीत मी कडक आहे. बटणं, टिकल्या, लेस, वाळलेली फुलं लावलेली घरगुती कार्डं मी बघितली आहेत. हातात द्यायला ती सुरेख, पण टपालासाठी नव्हेत. शिक्का जिथे उंचवट्यावर बसतो तिथे अक्षरं तुटतात, आणि वर आलेली कड गठ्ठ्यात शेजारच्या पाकिटाला अडकून सोलते. कार्ड झालं की मी डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवते. अंगठा अडखळला तर तो कपटा पुन्हा खळ लावून दाबायचा, तरी अडखळला तर काढायचा.

खळीवर मात्र मी पानंच्या पानं लिहू शकेन. फेव्हिकॉल सोपा, बाटली उलटी केली की झालं, आणि गुळगुळीत कागदाला तोच लागतो. पण पातळ कागदाखाली त्याचे ओघळ गोठतात आणि वरून शिरा आल्यासारखे दिसतात. काडीचा गोंद मुंबईच्या हवेत भरवशाचा नाही, पावसाळ्यात कोपरे सुटतात. दिनदर्शिकेच्या कागदाला घरची खळच बरी. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा गार असतानाच गुठळ्या मोडून कालवायचा, मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरट दुधाळ रंग जाऊन काचेसारखी झाक आली की गॅस बंद. निवल्यावर ती घट्ट होते, मग थोडं पाणी घालून सैल करायची. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालतात म्हणजे कसर लागत नाही. पण मोरचूद विषारी, आणि माझी खळ ज्या पातेल्यात शिजते त्यातच दुसऱ्या दिवशी कढी होणार असते, तेव्हा ते नको. थोडीच करायची, उरली तर फ्रीजमध्ये, दोनतीन दिवसांत संपवायची. आंबट वास आला की फेकायची.

खळ लागली की कार्ड वाकतं. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला कागद लावला तर तो आधी पसरतो, मग वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला स्वतःकडे ओढून घेतो. कार्ड होडीसारखं होतं. उपाय जुन्या बायंडरांचा, मागच्या बाजूलाही कागद लावायचा म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसते. मी ऑफिसातल्या एकीकडे छापलेल्या कागदांची कोरी बाजू वर ठेवून मागे लावते. मजकूर लिहायला स्वच्छ जागाही मिळते. मग कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून वर जाडजूड दिवाळी अंक, त्यावर तांदळाचा डबा. डिसेंबरात रात्रीत वाळतं. जुलैत दोन दिवस थांबावं लागतं, मधल्या वेळी भोवतीचे कागद बदलायचे, नाहीतर बुरशीचे राखाडी ठिपके येतात. वरून फेव्हिकॉलचं पाणी मारून चकाकी आणायची पद्धत मी सोडली. दमट हवेत तो थर चिकट होतो आणि दोन कार्डं एकमेकांना मिठी मारतात. त्याऐवजी पांढऱ्या मेणबत्तीचा बूड चित्रावर हलक्या हाताने घासायचा आणि जुन्या सुती कापडाने पुसायचा. पावसाचा थेंब निदान घसरून तरी जातो.

मागची बाजू दुर्लक्षित राहते, आणि कार्ड पोचवते तीच. उजवी अर्धी बाजू पत्त्याची, तिथे एकही कपटा नाही. जेल पेन चालत नाही, थेंब पडला की पत्ता वाहून जातो. साधं बॉलपेन बरं. एकदा हौसेने पिन कोड दिनदर्शिकेतले आकडे कापून चिकटवला होता, एक लाल रविवार, एक काळा बुधवार असा. पोस्टातल्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं, "छान आहे" म्हणाल्या आणि आपल्या पेनाने खाली पुन्हा सहा आकडे लिहिले. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, शिवाय संस्कृत कवी. आकड्यांची ही चंगळ त्यांना कदाचित आवडली असती, पण टपाल निवडणाऱ्याला एका नजरेत वाचता येणं महत्त्वाचं. शिवाय देवनागरी आकडे महाराष्ट्रात चालून जातील, चेन्नईच्या मैत्रिणीकडे जाणाऱ्या कार्डाचं काय?

अब्दुल रहमान स्ट्रीटला गेले की तयार कार्डं बरोबर नेते आणि चालत जीपीओला, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाला, जाते. ती इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. वास्तुविशारद जॉन बेगने तिचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून बेतला. त्या घुमटाखाली उभं राहून तिकीट चिकटवायला मला अजूनही मजा येते. तिकिटाच्या मागचा गोंद नीट धरेल याची खात्री नसते, म्हणून घरून खळीची छोटी डबी नेते. पर्समध्ये खळ बघून लोक विचित्र बघतात, बघू देत. खिडकीवर एकदा विचारलं, "शिक्का जरा हलका माराल का?" आतले गृहस्थ म्हणाले, "हलका मारला तर वाचता येत नाही, ताई." बरोबरच होतं त्यांचं. शिक्का त्यांनी दणकून मारला, आणि तीन थरांच्या कार्डाला काहीही झालं नाही.

मावशीचं उत्तर सरकारी पोस्टकार्डावर येतं, काठोकाठ लिहिलेलं, शेवटची ओळ समासात आडवी वळवलेली. चित्राबद्दल ती फारसं बोलत नाही. कपट्यांबद्दल बोलते. एका कार्डावर मी आभाळाला निळी पिशवी लावली होती. तिने लिहिलं, "ही पिशवी मंजूच्या लग्नातल्या साड्यांची. त्यातली एक मला दिली होतीस, ती मी अजून नेसते." दुसऱ्या कार्डावरच्या समुद्रात एका पाककृतीची अर्धी ओळ तरंगत होती. मावशीने विचारलं, "'चिमूटभर हिंग घालून' पुढे काय? पान असेल तर पूर्ण पाठव." पान कापून गेलेलं होतं. सासूबाईंना विचारून मी ती पाककृती अंदाजाने पुरी केली आणि पुढच्या कार्डावर लिहिली. त्यावर तिचा शेरा आला, "चव बरी आहे. अक्षर मोठं काढ."

गेल्या आठवड्यात तिच्याकडून पाकीट आलं. पत्र नाहीच, आत हापूसच्या पेट्यांवरची लेबलं, पेटीवरून अलगद सोडवून, वाळवून, सपाट केलेली. शेजारच्या बागायतदाराकडून मागून घेतली असणार. रंग भडक केशरी, कागद जाड, मागे वाळलेली डिंकाची सायही तिने काढून टाकलेली. लेबलं १४ बाय ९ मध्ये बसत नाहीत. आंब्याचा देठाकडचा भाग सोडायचा की खालची 'रत्नागिरी' ही अक्षरं, हे ठरवायचंय. सासूबाईंचं मत अक्षरं सोडावीत, कारण मावशीला ती ठाऊकच आहेत.